दमाच्या पाच बुड्या

सुकलाल आनंदा भोई याच्यावर अन्याय झाला तो यंदाची दिवाळी सरल्यावरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा ते सव्वाबारा या एका तासात. वय एकतीस. धंदा पाण्याखालची कामं. त्या तासाआधी तो जॅकवेलची लोखंडी शिडी स्वतःच्या पायांनी उतरला होता. त्यानंतर तो एकही शिडी चढलेला नाही.

जॅकवेल ठाऊक नसेल तर सांगते, कारण तुमच्या घरचं पाणी बहुधा तिथूनच येतं. धरणाच्या पाण्यात उभी केलेली सिमेंटची उंच विहीर. वर मोटारी, तळाशी पाणी आत घेणाऱ्या भोकांवर जाळ्या. या जाळ्या जलपर्णी, गाळ आणि आपण नदीला वाहिलेल्या प्लास्टिकनं बुजतात. मग गावाचे नळ कोरडे पडतात, गावातून फोनवर फोन जातात, आणि खाली जाळी मोकळी करायला माणूस उतरतो. त्या माणसाचं नाव आपल्याला कधी कळत नाही. म्हणून मी पहिल्याच ओळीत लिहिलं.

आम्ही धुळ्यात चौघं जण आहोत. कामगारांच्या जिवाशी खेळ चालतो तिथे पत्रकं काढतो, बसस्टँडवर वाटतो, भिंतींवर चिकटवतो. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे. पौषातल्या एका रविवारी निरोप आला की सुकलाल मुंबईहून घरी परतलाय, एक पाय ओढत चालतोय, आणि त्याचा धाकटा भाऊ गोपाल येत्या गुरुवारी दुसऱ्या एका जॅकवेलमध्ये उतरणार आहे. मुकादम तोच. काम तेच. माझ्या हातात सोमवार ते गुरुवार एवढे दिवस होते. पिशवीत दोन कपडे आणि पत्रकांचा गठ्ठा कोंबला आणि निघाले. मुकादमाकडून खरं काय ते लिहून घ्यायचं आणि गोपालला थांबवायचं, एवढं मनाशी पक्कं होतं. स्वतःबद्दल मात्र काहीच शंका नव्हती.

सोमवार, चाळीसगाव

धुळ्याहून चाळीसगावची गाडी म्हणजे दीड तास बोरं, शेंगा आणि ओळखी. शेजारी एक अक्का टोपलीभर बोरं घेऊन बसल्या होत्या. माझा गठ्ठा त्यांच्या मांडीला टोचत होता.

"काय वं माय, इतला कागद कसाले?"

मी सांगितलं, पाण्यात उतरणाऱ्या एका माणसाचे पाय गेले, त्यासाठी चाललेय.

"पानीमातली बाधा शे ती," अक्का म्हणाल्या. "तुना कागद काय करी तिले?"

मी तोंडावर हसले. अक्का रागावल्या नाहीत, उलट मूठभर बोरं माझ्या ओढणीत टाकली. त्यांचा प्रश्न मात्र पुढच्या चार दिवसांत हसण्यासारखा राहिला नाही.

सुकलाल उतरला ती जॅकवेल याच बाजूची. चाळीसगावातल्या एका दवाखान्यात त्याला पहिल्यांदा ओळखलं, म्हणजे त्याचा आजार ओळखला, तो एका तरुण डॉक्टरीणबाईंनी. बाहेर रांग होती, तरी त्यांनी मला आत घेतलं आणि बोलता बोलता डबा उघडला. त्यांना जेवायला तेवढीच सवड होती.

"त्याला आणलं तेव्हा मला सांगितलं, शेतात चक्कर येऊन पडला," त्या म्हणाल्या. "मी लकव्याच्या आणि मणक्याच्या तपासण्या करत बसले. अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा हात हातात घेतला तर नखांत काळा चिकट गाळ. शेतात पडलेल्या माणसाच्या नखांत धरणाचा गाळ कुठून येईल? त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, मुकादमानं शपथ घातलीय."

"शेतात पडला असं मुकादमानं सांगितलं?"

"त्यानंच. आणि त्याच्याही आधी त्याला जीपमध्ये घालून घाटावरच्या मोठ्या शहरात न्यायला निघाले होते. कन्नडचा घाट निम्मा चढले आणि कमरेखालचं सगळं गेलं. ड्रायव्हर घाबरला, गाडी फिरवून इथे आला."

मी विचारलं, घाटाचा काय संबंध? त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि समोरच्या चहाच्या कपातली गाळणी उचलली.

"सिलेंडर लावून खोल गेलं की पाण्याच्या दाबानं हवेतला वायू रक्तात विरघळतो. वर आलं की तो बारीक बारीक बुडबुडे होऊन सुटतो. प्रत्येकाच्या अंगात थोडे होतात. ते रक्ताबरोबर फुप्फुसात येतात आणि तिथे अशा गाळणीत अडकतात. माणूस गप्प बसून राहिला तर श्वासावाटे हळूहळू निघून जातात. घाट चढलं की बाहेरचा दाब कमी होतो, आतला बुडबुडा आणखी फुगतो. ते एक. पण त्याचं खरं नुकसान त्याआधीच झालं होतं. त्यानं मधल्या वेळात काहीतरी केलं होतं. काय ते मला नीट कळलं नाही. ते तुम्ही त्यालाच विचारा."

त्यांनी कळल्याबरोबर ऑक्सिजन लावला, मुंबईला फोन केला, आणि तिसऱ्या दिवशी त्याला तिथल्या दाबाच्या खोलीत ठेवलं. ही खोली म्हणजे माणसाला पुन्हा पाण्याखालचा दाब देऊन हळूहळू वर आणणारं यंत्र. आपल्या जळगाव-धुळ्यात कुठे आहे का, विचारलं. त्या फक्त हसल्या.

"तिसऱ्या दिवसाऐवजी त्याच संध्याकाळी गेला असता तर?"

"तर कदाचित तुम्ही आलाच नसतात," त्या म्हणाल्या आणि पुढचा पेशंट बोलावला.

मी बाहेर आले ती अशी पेटलेली की स्टेशनवर चहावाल्याशी विनाकारण भांडले. मनात पत्रकाचा मथळा तयार होता: खोटं बोलून पाय तोडले.

मंगळवार, यावल

भुसावळला गाडी बदलून यावलच्या बसमध्ये चढलं की डोळ्यांना वेगळंच जग दिसतं. आमच्या धुळ्याकडे पौषातच माळ पिवळे पडलेले असतात. इथे दोन्ही हातांना केळी, घडांवर निळ्या पिशव्या, आणि उत्तरेला सातपुडा जवळ येऊन उभा. यावलहून रिक्षानं तापीकाठच्या त्यांच्या गावात पोहोचले तेव्हा ऊन कलत होतं.

सुकलाल अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. शेजारी चालायला चार पायांची लोखंडी घोडी. छाती अजून पाणबुड्याची, भरदार. डावा पाय मात्र वाळत चाललेला. त्याची बायको मंगला पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ करून भरताची वांगी भाजत होती. लांबडी, हिरवट पांढरी वांगी. आमच्याकडे भरीत म्हणजे लाल तिखटाला वांग्याचा वास. यांच्याकडे हिरवी मिरची, कांद्याची पात आणि वर शेंगदाणे. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी हे सगळं इतक्या सविस्तर सांगतेय कारण त्या जाळाशेजारी जे झालं ते मला आधी सांगवत नाही.

आम्ही बोलत होतो. पऱ्हाट्यांचा जाळ कोसळला, एक निखारा घरंगळत सुकलालच्या डाव्या तळव्याला टेकला. मी तो पाहिला, मंगलानंही पाहिला असेल, पण दोघींना वाटलं तो पाय मागे घेईल. त्यानं घेतला नाही. कातडी जळाल्याचा वास आला.

"पाय! अहो, तुमचा पाय!" मंगला चिमटा टाकून धावली.

सुकलालनं खाली पाहिलं. दुसऱ्याच्या वस्तूकडे बघावं तसं. मग हातानं पाय उचलून बाजूला ठेवला.

"राहू दे. कुठी दुखतंय मले," तो म्हणाला. आणि माझ्याकडे वळून, "ताई, भरीत थंड होईल."

मी भाकरीचे नुसते तुकडे करत बसले. त्यानं मात्र व्यवस्थित जेवून, हात धुऊन, मंगलाला घरातून काहीतरी आणायला सांगितलं. तिनं आणलं ते आमचं पत्रक होतं. पिवळं. गेल्या उन्हाळ्यात मीच लिहिलेलं, "पाण्याखाली उतरणाऱ्या भावांनो" असं सुरू होणारं. त्यानं ते प्लास्टिकमध्ये घालून, कडा चिकटवून जपून ठेवलं होतं.

"तुमचंच ना?"

"माझंच," मी म्हणाले. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं.

"तिसरी ओळ वाचा."

मी वाचली. "सिलेंडरच्या दोन बुड्यांमध्ये किमान एक तास सिलेंडर लावू नका."

"मी तासभर लावला नाही," सुकलाल म्हणाला. "मुकादम घाई करत होता. मी त्याले हा कागद दाखवला. घड्याळ लावलं. सव्वाअकराले सिलेंडर काढला, सव्वाबाराले परत लावायचा होता."

"मग मधला तास काय केलं?"

"दमाच्या बुड्या मारल्या. पाच."

दमाची बुडी म्हणजे सिलेंडरशिवाय, छातीत घेतलेल्या एका श्वासावर. हातात दगड घेऊन सरळ तळाला जायचं, काम करायचं, दगड सोडून झपकन वर यायचं. या घरात पिढ्यान्पिढ्या हेच चालत आलंय. सिलेंडर आत्ता आला. सुकलालचे काका, ज्यांना सगळा काठ नाना म्हणतो, ते अजून सिलेंडरला मानत नाहीत. त्यांचा एक कायदा आहे. सिलेंडर लावून जाळी मोकळी केली तरी काम पुरं धरायचं नाही. कुणीतरी दमावर जाऊन जाळीला हात लावायचा, तळाचा मूठभर गाळ वर आणून नानांना दाखवायचा. मगच मोटार सुरू. याला ते "हात लावणं" म्हणतात. त्या दिवशी धरण काठोकाठ भरलेलं, पाणी दहा परस, म्हणजे दहा माणसं एकावर एक उभी केली तर वरचा जेमतेम डोकं बाहेर काढेल एवढं. गाळ पुन्हापुन्हा जाळीवर बसत होता. म्हणून पाच वेळा हात लावावा लागला, आणि पाचव्यांदा वर आला तेव्हा त्याचे पाय जड झाले होते.

"मले वाटलं, सिलेंडर काढून ठेवला म्हणजे आराम झाला," सुकलाल म्हणाला. "कागदात दमाच्या बुडीचं काही नव्हतं. मी दोनदा वाचलं होतं, ताई."

मी अंगणातच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि पाच बुड्यांचं सांगितलं.

"हेच ते," त्या म्हणाल्या. "गाळणी आठवते? बुडबुडे गाळणीत अडकलेले होते. तो दमावर परत खाली गेला तेव्हा दाबानं ते आणखी बारीक झाले आणि गाळणीतून पलीकडे निसटले. मग तो काही क्षणांत वर आला. ते पलीकडच्या बाजूला फुगले, मणक्याच्या नसांत जाऊन बसले. आणि हे त्यानं पाच वेळा केलं. वर दगड उचलायची, हातपाय मारायची मेहनत. सिलेंडरनंतर निदान बारा तास, शक्यतो पूर्ण एक दिवस दमावर खोल जायचंच नसतं. हे कुणी सांगितलं नव्हतं त्यांना?"

कुणी सांगायचं होतं? पाण्याखाली उतरणाऱ्या भावांनो, असं कोण म्हणालं होतं?

ती तिसरी ओळ मी आमच्या खोलीवर बसून लिहिली होती. एका पुस्तिकेत सापडली, तिथे दोन बुड्यांमध्ये थांबायला सांगितलं होतं. थांबणं म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर सतरंजी आणि चहा. त्या तासात ही माणसं प्रत्यक्षात काय करतात हे मी एकालाही विचारलं नव्हतं. पत्रक वाटायला मी तीन तालुके फिरले, विचारायला एकदाही काठावर गेले नाही.

मी काहीतरी पुटपुटले. माफी असावी. सुकलालनं हात हलवला.

"रडू बिडू नका. मंगला रडली तेवढं पुरे आहे. गुरुवारी गोपाल उतरतोय. नाना तठीच राहतील. गोपाल सिलेंडर काढेल नि नाना त्याले म्हणतील, हात लावून ये."

"तुम्ही सांगा ना त्यांना."

"नाना दवाखान्यात आले नाहीत. घरी बी आले नाहीत. फोन उचलत नाहीत." त्यानं घोडी जवळ ओढली. "मी येतो तुमच्यासंगं."

बुधवार, बोदवड

सुकलालला घेऊन प्रवास म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. बसची पायरी, रेल्वेचा पूल, प्लॅटफॉर्म आणि डब्यातलं अंतर. या सगळ्या गोष्टी मी आयुष्यभर न बघता ओलांडल्या होत्या. भुसावळला पूल चढायला इतका वेळ लागला की आमची गाडी डोळ्यांदेखत गेली. सुकलाल बाकावर बसून हसत होता. "पूर्वी मीच लोकांले बाहेर काढायचो. आता दोन हमाल मले काढतात." पुढच्या गाडीची वाट बघत आम्ही मंगलानं बांधून दिलेलं भरीत खाल्लं. मी तीनदा उठून गाडी येतेय का बघून आले. तो एकदाही हलला नाही. कसा हलणार?

बोदवडला सुकलालच्या मावशीचं घर आहे, तिथे तो टेकला. मी स्टेशनबाहेरच्या हॉटेलात मुकादमाला गाठलं. मला वाटलं होतं, गुंड असेल. निघाला गुळगुळीत दाढीचा, हसतमुख माणूस. मी बसायच्या आत त्यानं शेवेची प्लेट पुढे केली.

"घ्या ताई. धुळ्याच्या ना तुम्ही? तुमचं पत्रक आमच्या जीपमध्ये लावलंय."

"सुकलाल शेतात पडला असं दवाखान्यात तुम्ही सांगितलं?"

"सांगितलं." त्याची पापणीही लवली नाही. "पाण्याचं नाव घेतलं असतं तर पंचनामा, काम बंद, मोटार बंद. मला वाटलं, गॅस झाला असेल, कंबर धरली असेल, दोन दिवसांत उठेल. तिकडे एका गावाला अकरा दिवस पाणी नव्हतं. लोक शिव्या कुणाला घालतात? मला. तुम्हाला कुणी फोन करतं का?"

"तुमच्या त्या खोट्यानं त्याचा एक दिवस गेला. तो दिवस म्हणजे त्याचा डावा पाय."

"आणि तासाभराचा नियम कुणी काढला? तासभर रिकामा बसवायचा म्हणे. मी म्हटलं, बस. तो म्हणाला, दमावर जातो, कागदात मनाई नाही. मी पण वाचला. नव्हती."

मी टेबलावर हात आपटला. शेव उडाली. मागच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले.

"लिहून द्या," मी म्हणाले. "दवाखान्यात खोटं सांगितलं, एवढंच लिहून द्या. सुकलालच्या कागदपत्रांत अजून 'शेतात पडला' असंच आहे. काम करताना झालं असं लागलं नाही तर भरपाईसाठी त्याला कुणी दारात उभं करणार नाही."

"देतो की." त्यानं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. "आधी तुम्ही लिहा. तुमच्या पत्रकात काय नव्हतं ते. मग मी."

मला तो मुद्दा बरोबर वाटला. अजूनही वाटतो. मी पिवळ्या पत्रकाच्या पाठीवर लिहिलं की सिलेंडरनंतर दमाची बुडी मारू नये हे आम्ही लिहिलं नाही, कारण आम्ही कुणाला विचारलं नाही. खाली सही केली. मुकादमानं कागद वाचला, नीट चार घड्या घातल्या, खिशात ठेवला, आणि उठला.

"उद्या काम आहे ताई, लवकर निघायचंय. बिल दिलंय मी."

पेनही घेऊन गेला.

तर माझी कबुली त्याच्या खिशात आहे आणि त्याची माझ्याकडे नाही. उद्या तो ती कुणालाही दाखवील. म्हणून ती मीच इथे तुम्हाला दाखवतेय. दवाखान्यात खोटं त्यानं सांगितलं हे मी त्याच्या तोंडून ऐकलंय, तेही याच कागदावर लिहून ठेवते.

गुरुवार, जॅकवेल

बोदवडहून जीपनं तासभर गेलं की धरणाचा फुगवटा लागतो. सकाळचं धुकं अजून पाण्यावर होतं. बदकांचे थवे, पलीकडे केळी, आणि मधोमध जॅकवेल, काठापासून तिच्यापर्यंत अरुंद लोखंडी पूल. आमच्या जीपचं चाक वाटेत बसलं, म्हणून आम्हाला उशीर झाला. आम्ही पोहोचलो तेव्हा गोपालच्या सिलेंडरच्या दोन बुड्या होऊन गेल्या होत्या. तो सिलेंडर उतरवून ठेवत होता. एक वाळलेला, ताठ म्हातारा त्याच्या कमरेला दोर बांधत होता. पायाशी दगड. दुसरं कोण असणार?

मी धावले. काठच्या चिखलात एक चप्पल रुतली ती तिथेच राहिली. पुलावर एकाच चपलेनं धपधप करत पोहोचले आणि ओरडले, "नाना, थांबा! आज दमावर नाही!"

नानांनी गाठ मारणं थांबवलं नाही. "हे कोण?"

"पत्रकवाली ताई," मुकादम म्हणाला.

"तुले पोहता येतं का पोरी?"

"नाही."

मोटारीवरचे लोक हसले. गोपालही हसला. नाना हसले नाहीत.

"मंग बाजूले व्हय. पडशील तर अजून एक काढायले लागेल."

मी गाळणी, बुडबुडे, मणका, बारा तास सगळं भडाभडा सांगितलं. पत्रक वाचते तसं. नानांनी शेवटपर्यंत ऐकलं, एवढं खरं.

"माह्या बापानं या तापीत हजार बुड्या मारल्या. मी मारल्या. कोन्हाचा पाय गेला नाही."

"त्यांनी सिलेंडर लावला नव्हता, नाना! नुसती दमाची बुडी वेगळी. सिलेंडरनंतरची वेगळी."

"तेच तर म्हणतो. सिलेंडरमध्येच खोट आहे. दमात नाही." आणि गोपालला, "चाल. हात लावून ये."

तेवढ्यात पुलावर घोडीचा आवाज यायला लागला. टक, मग फरपट, मग टक. सगळे बघत होते, नाना सोडून. तो पूल मी पंचवीस-तीस ढांगांत ओलांडला होता. सुकलालला किती वेळ लागला ते कुणी मोजलं नाही. पण तेवढा वेळ गोपाल उतरला नाही.

सुकलाल नानांच्या पायाशी, लोखंडी जाळीवर, धापा टाकत खाली बसला. दोन्ही हातांनी डावा पाय उचलला आणि तळवा वर करून मांडीवर ठेवला. मंगलानं बांधलेली चिंधी सोडली. फोड फुटला होता, भोवती लाल.

नानांना आता बघावंच लागलं.

"कशानं भाजलं?"

"निखाऱ्यानं. परवा."

"पाय नाही काढला?"

"लागलंच नाही, नाना."

नाना वाकले. त्यांनी भाजलेल्या जागेच्या बाजूला नख रोवलं, जोरात. सुकलालच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग आणखी जोरात. मग त्यांनी तो पाय आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तसेच बसून राहिले. मोटारीवरच्या लोकांनी तोंडं फिरवली.

"मीच म्हटलं होतं तुले," नाना म्हणाले. "पाचव्यांदा बी मीच म्हटलं होतं. गाळ पातळ आहे, परत जाय."

"तुमी बी म्हटलं, कागदानं बी म्हटलं, मी बी गेलो," सुकलाल म्हणाला. "गोपालले नका म्हणू."

नाना उठले आणि गोपालच्या कमरेची गाठ सोडायला लागले. ओल्या दोराची गाठ सुटेना. दातांनी सोडवली.

"सिलेंडर बी नाही आज आता," ते म्हणाले. "उद्या सकाळी. दमावर. उपाशीपोटी."

"आणि मोटार?" मुकादम.

"हात लावल्यावर."

मुकादमाचा फोन वाजला. गावातून होता. पाणी कधी येतंय? मुकादम माझ्याकडे बघत म्हणाला, "उद्या." फोनमधून ज्या शिव्या आल्या त्या मला चार पावलांवर ऐकू आल्या. त्यानं फोन माझ्यापुढे धरला. "घ्या. बोला तुम्ही." मी घेतला आणि बोलले. त्या माणसानं मलाही तेच ऐकवलं, वर माझ्या आईचा उद्धार केला.

शुक्रवारी सकाळी गोपाल दगड घेऊन एकदाच खाली गेला. वर आला तो मूठ मिटून. नानांनी गाळ हुंगला, बोटांत चोळला, आणि ती मूठ सुकलालच्या हातात रिकामी केली. मोटार सुरू झाली. त्या गावाला पाणी एक दिवस उशिरा पोहोचलं. लोकांनी शिव्या घातल्या, हंडे भरले, संपलं.

निघताना मुकादम म्हणाला, "काल यांना थांबवलंत ताई. माझ्याकडे इतर पण पाणबुडे आहेत. आणि तुमचं पिवळं पत्रक माझ्या जीपमध्ये अजून आहे."

त्याचं बरोबर आहे. चाळीसगावच्या बसस्टँडवर आहे, यावलच्या बाजारातल्या भिंतीवर आहे, बोदवडच्या स्टेशनबाहेर मी स्वतः खळ लावून चिकटवलंय. किती जणांनी ते सुकलालसारखं प्लास्टिकमध्ये जपून ठेवलंय, मला माहीत नाही. परत आल्यापासून मला त्यापायी एका जागी बसवत नाही. नवं पत्रक पांढऱ्या कागदावर निघालंय. त्यात लिहिलंय की सिलेंडर लावला त्या दिवशी दमावर पुन्हा उतरायचं नाही, हात लावायचा तर दुसऱ्या सकाळी. पाण्यातून आलेल्या माणसाला मुंग्या आल्या, पाय जड झाले, लघवी अडली, तर त्याला आडवं निजवा, ऑक्सिजन द्या, घाट चढवू नका, आणि डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा की हा पाण्याखाली होता. हे सगळं छापण्याआधी मी काठावर जाऊन सहा पाणबुड्यांना आणि नानांना वाचून दाखवलं. नानांनी एक शब्द बदलायला लावला. बदलला.

आता तुम्ही. हे वाचून हळहळू नका, सुकलालला त्याचा उपयोग नाही. पुढच्या वेळी तुमचा नळ एक दिवस उशिरा आला तर शिवी द्यायला फोन उचलू नका. फोन कराच, पण एवढंच विचारा: खाली कोण उतरलंय, त्याचं नाव काय, आणि सिलेंडर काढल्यावर तो बसलाय की परत पाण्यात आहे? उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवू नका. आणि आज घराबाहेर पडाल तेव्हा भिंतीवर, टाकीखाली, बसस्टँडवर आमचं पिवळं पत्रक दिसेल. खाली आमच्या गटाचं नाव असेल, शब्द माझे असतील. नखानं खरवडून, पाणी मारून, जसं निघेल तसं काढा. एकही ठेवू नका.